डीएम न्यूरॉलॉजी: मेंदू आणि मज्जासंस्थेचा डॉक्टर घडतो कसा

न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्याबाहेरील पाटीवर बहुधा तीन पदव्या असतात: एमबीबीएस, एमडी आणि डीएम. काही पाट्यांवर त्यापुढे अपस्माराची किंवा स्ट्रोकची फेलोशिप, म्हणजे पदवीनंतर एकाच आजाराचे वाढीव प्रशिक्षण, केल्याचाही उल्लेख असतो. यातील पहिली पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, दुसरी तीन वर्षांची आणि तिसरीही तीन वर्षांचीच. प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्याच प्रयत्नात सुटली, तरी ही साडेअकरा वर्षे होतात. प्रत्यक्षात परीक्षांच्या तयारीत गेलेला काळ, लांबलेल्या प्रवेशफेऱ्या आणि शासकीय बंधपत्राची सेवा यांची त्यात भर पडते आणि स्वतंत्रपणे व्यवसाय सुरू करताना हा डॉक्टर तिशी ओलांडून बराच पुढे गेलेला असतो. इतका काळ नेमका कशासाठी लागतो, आणि विशेषतः शेवटच्या टप्प्यात असे काय शिकवले जाते जे पुस्तकातून किंवा एमआरआयच्या अहवालातून कळत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक नेहमीचा घोळ दूर करू. न्यूरॉलॉजिस्ट, ज्याला आपल्याकडे 'न्यूरो फिजिशियन' म्हणण्याची पद्धत आहे, तो शस्त्रक्रिया करत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, गाठ झाली किंवा मणक्यात दाब आला, तर शस्त्रक्रिया करणारा न्यूरोसर्जन वेगळा आणि त्याची पदवी एमसीएच. नैराश्य, स्किझोफ्रेनिया अशा आजारांवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञही वेगळा. फीट येणे, लकवा, कंपवात, अर्धशिशी, विस्मरण, हातापायांतील ताकद किंवा संवेदना जाणे, हा न्यूरॉलॉजिस्टचा प्रांत. सीमारेषा मात्र पुसट आहेत. अमेरिकेत न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार या दोन्ही शाखांचे प्रमाणपत्र देणारे मंडळ 1934 पासून एकच आहे, आणि तिथल्या न्यूरॉलॉजी रेसिडेंटला, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला, काही काळ मानसोपचार विभागात काम करावेच लागते.

भारतात न्यूरॉलॉजी ही सुपरस्पेशालिटी मानली जाते. म्हणजे एमबीबीएसनंतर थेट तिकडे वळता येत नाही, आधी मेडिसिन किंवा बालरोग या विषयात एमडी व्हावे लागते. अपवाद थोडे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत एमबीबीएसनंतर सलग सहा वर्षांचा डीएम अभ्यासक्रम आहे. बाकीच्यांसाठी मार्ग ठरलेला: नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी, मग सुपरस्पेशालिटीची नीट-एसएस देऊन डीएम. एम्स, चंदीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर आणि निम्हान्स यांच्यासाठी प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. खासगी रुग्णालयांतून शिकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही पदवी आहे आणि ती डीएमच्या बरोबरीची धरली जाते.

मेडिसिनची तीन वर्षे आधी घालवणे अनेकांना लांबण वाटते, आणि अमेरिकेचे उदाहरण पाहिले तर तो आक्षेप अगदीच निराधार नाही. तिथे एक वर्ष मेडिसिन आणि तीन वर्षे न्यूरॉलॉजी, अशी एकूण चार वर्षांची रेसिडेन्सी असते. तरीही आपल्या रुग्णालयांतील रुग्ण पाहिले की या पायाचे मोल कळते. बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या वृद्ध बाईंच्या मेंदूत काहीच बिघाड नसतो, रक्तातील सोडियम कमालीचे घसरलेले असते. पायांना मुंग्या येणाऱ्या माणसाला मधुमेह असतो किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असते. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण पहिल्या दिवसाच्या उपचारांनी सावरतो आणि एक ते चार दिवसांनी अचानक त्याची मान व श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. शरीराच्या इतर अवयवांची भाषा ज्याला येत नाही, त्याला मेंदूच्या तक्रारीचा अर्थ लागणे अवघड. मला खटकते ती गोष्ट निराळीच आहे. नीट-एसएसमधील मेडिसिन गटाची प्रश्नपत्रिका आता मूळ मेडिसिन विषयावरच असते आणि पुढे हृदयरोग, पोटविकार की न्यूरॉलॉजी हे बहुतांशी गुणानुक्रमावर ठरते. त्यामुळे डीएमच्या पहिल्या दिवशी वॉर्डात आलेल्या डॉक्टरला या विषयाची ओढ असेलच असे नाही, आणि एमडीच्या काळात त्याने न्यूरॉलॉजीचे किती रुग्ण जवळून पाहिले हेही त्याच्या महाविद्यालयावर अवलंबून असते.

डीएमची खरी शिकवण एका प्रश्नाभोवती फिरते: बिघाड कुठे आहे? काय आहे, हा प्रश्न नंतरचा. मेंदूचा पृष्ठभाग, त्याखालील खोल भाग, मेंदूचा देठ, मज्जारज्जू, मणक्यातून बाहेर पडणारी नस, हातापायातील नस, नस आणि स्नायू यांचा सांधा, आणि स्वतः स्नायू, यांपैकी कोणत्या ठिकाणी दोष असेल तर रुग्णाची हीच लक्षणे दिसतील, याचा तर्क हाताशी हातोडी, टाचणी, टॉर्च आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क एवढीच साधने घेऊन करायचा असतो.

समजा, एका शेतकरी बाईंचे एक पाऊल वर उचलले जात नाही, चालताना ते लटकते आणि चप्पल निसटते. बहुतेक जण कमरेच्या मणक्याचा एमआरआय काढून मोकळे होतात, आणि पन्नाशीनंतरच्या माणसाच्या मणक्यात काही ना काही झीज सापडतेच. न्यूरॉलॉजीच्या रेसिडेंटला इथे एक छोटी तपासणी शिकवतात: पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद पाहणे. पाऊल वर उचलणारे आणि आत वळवणारे स्नायू यांचा पुरवठा बराचसा कमरेच्या एकाच, म्हणजे पाचव्या, नसमुळातून येतो, पण पुढे तो दोन वेगळ्या नसांतून जातो. दोन्ही हालचाली दुबळ्या असतील, तर दोष मणक्याजवळ असण्याची शक्यता. पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत असेल, तर संशय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणाऱ्या नसेवर जातो. मग विचारायचे: गेल्या आठवड्यात काय काम केले? उत्तर येते, दिवसभर उकिडवे बसून खुरपणी. नस दबली होती, आणि अशा बहुतेक रुग्णांत ती शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत सुधारते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती कधी करायची आणि तिच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे मात्र शेकडो पाय तपासल्यावर आणि प्रत्येक वेळी वरिष्ठांनी पुन्हा तपासून दाखवल्यावर अंगी येते.

'कुठे' हे ठरले की 'काय' याचा उलगडा बराचसा काळाच्या गतीवरून होतो. क्षणात आलेली कमजोरी रक्तवाहिनीकडे बोट दाखवते, दिवसांगणिक वाढणारी जंतुसंसर्गाकडे किंवा दाहाकडे, महिन्यांगणिक वाढणारी गाठीकडे किंवा पेशींच्या ऱ्हासाकडे. येऊन पूर्ण निघून जाणारी तक्रार असेल तर फीट, अर्धशिशी किंवा रक्तपुरवठ्यातील तात्पुरता अडथळा. म्हणूनच राउंडवर प्राध्यापक स्कॅनची फिल्म सर्वांत शेवटी पाहतात. केस मांडणाऱ्या रेसिडेंटने आधी स्वतःचा अंदाज सांगायचा, मग तो का चुकला किंवा बरोबर ठरला यावर चर्चा व्हायची, हा क्रम जिथे पाळला जातो ते प्रशिक्षण चांगले, असे खुशाल समजावे.

मुंबईला या परंपरेचा मोठा वारसा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एडी भरुचा आणि जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग उभारणारे डॉ. नोशिर वाडिया या पिढीने लंडनच्या पद्धतीची काटेकोर तपासणी इथल्या वॉर्डांत रुजवली. तोल जाण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या काही भारतीय कुटुंबांत डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद असते, हे वाडिया आणि स्वामी यांनी 1971 साली प्रसिद्ध केले. त्या काळी सीटी स्कॅनही हाताशी नव्हता. रुग्णाला एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे पाहायला सांगून डोळे कसे सरकतात, हे निरखण्यातून हा शोध लागला. त्या आजारामागचे जनुक 1996 मध्ये सापडले आणि आज तो 'एससीए-2' या नावाने ओळखला जातो. आज केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत डीएमचे विद्यार्थी शिकतात.

पहिल्या वर्षी रेसिडेंटचा मुक्काम वॉर्ड, अतिदक्षता विभाग आणि इमर्जन्सीत असतो. रुग्णालयाच्या इतर सर्व विभागांतून न्यूरॉलॉजीसाठी येणारे 'रेफरन्स' त्यालाच पाहावे लागतात: प्रसूतीनंतर फीट आलेली माता, हृदयशस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न येणारा रुग्ण, मेंदूच्या आवरणाच्या टीबीची शंका असलेले मूल. पाठीतून पाणी काढण्याचा, म्हणजे लंबार पंक्चरचा, हात याच वर्षी बसतो. आपल्याकडील आजारांची विविधता ही या प्रशिक्षणाची मोठी जमेची बाजू आहे. मेंदूतील टीबी किंवा फीतकृमीच्या अळ्यांमुळे येणारी फीट युरोपातील रेसिडेंटला क्वचित दिसते, इथल्या रेसिडेंटला सतत दिसते. मण्यारचा दंश झालेला रुग्ण तर प्रत्येकाच्या लक्षात राहतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, दंशाची खूण जेमतेम दिसते, मग पापण्या खाली येतात आणि काही तासांत हातपाय, श्वास सगळे थांबते. बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होतात आणि अननुभवी डॉक्टरला मेंदू मृत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मेंदू जागा असू शकतो आणि व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून असे रुग्ण चालत घरी गेले आहेत.

2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा या शिक्षणाचा उपयोग सर्वांना दिसला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, पायांतून सुरू झालेली कमजोरी वर चढते आणि काहींचा श्वास थांबण्याची वेळ येते. नसांची विद्युत तपासणी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा निर्णायक नसते. हातोडीने गुडघ्यावर टकटक केल्यावर उडी न येणे, रुग्ण एका श्वासात किती आकडे मोजू शकतो, मान उशीवरून उचलू शकतो का, या गोष्टींवरून कोणाला वॉर्डात ठेवायचे आणि कोणाला आताच अतिदक्षता विभागात हलवायचे, हे ठरवावे लागते. तोच रुग्ण दर काही तासांनी पुन्हा तपासण्याची शिस्त रेसिडेन्सीतच लागते.

जबाबदारीचा सर्वांत कस लागतो तो स्ट्रोकच्या रुग्णापाशी. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढण्याची प्रक्रिया 24 तासांपर्यंत करता येते. पण तोंड वाकडे झालेल्या माणसाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे नुसत्या तपासणीने खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सीटी स्कॅन आधी. शिवाय हे औषध ज्या चाचणीने प्रस्थापित केले, त्या 1995 च्या अमेरिकी चाचणीत औषध मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा रुग्णांना मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव झाला होता. शेवटचे नीट केव्हा बोलले होते, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, रक्तदाब किती, हे सगळे घाबरलेल्या नातेवाइकांकडून पाच मिनिटांत काढून घ्यायचे, धोका समजावून सांगायचा आणि निर्णय घ्यायचा. पहाटे तीन वाजता हे काम दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट करतो, वरिष्ठ फोनवर असतात.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेचे काम वाढते. डोक्याला तारा लावून काढलेला ईईजी, नसांचा वेग मोजणारी एनसीएस आणि स्नायूत सुई घालून केलेली ईएमजी, या तपासण्या इतर शाखांतील डॉक्टर सांगतात. त्या वाचायच्या असतात न्यूरॉलॉजिस्टने. ईईजी वाचणे विशेष फसवे असते. डुलकी लागताना निरोगी माणसाच्या आलेखातही टोकदार लाटा येतात. त्यांना फीटच्या लाटा समजून एखाद्याला वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहिल्याची उदाहरणे प्रत्येक विभागात सापडतील, आणि आपल्या समाजात त्या एका कागदामुळे नोकरी, वाहन परवाना आणि लग्न या तिन्ही गोष्टी अडतात. त्यामुळे नॉर्मल आलेख ओळखायला शिकणे हे या वर्षाचे निम्मे काम म्हणता येईल. याच काळात क्ष-किरण, विकृतिशास्त्र, बालन्यूरॉलॉजी, मानसोपचार आणि न्यूरोसर्जरी या विभागांत थोडा थोडा काळ काढावा लागतो. तिसऱ्या वर्षी ओपीडीची जबाबदारी, संशोधन आणि परीक्षा. महाराष्ट्रात ही परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते: लेखी पेपर, त्यानंतर प्रत्यक्ष रुग्ण तपासून परीक्षकांसमोर केस मांडणे आणि तोंडी परीक्षा.

कामाच्या तासांबद्दल बोलणे टाळता येणार नाही. केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशांत रेसिडेंटला आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली होती. ती कागदावर राहिली आणि 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांमध्ये सुरक्षितता, विद्यावेतन आणि वसतिगृहे यांच्या जोडीने कामाचा ताणही पुन्हा पुन्हा पुढे आला. अमेरिकेत 2003 पासून चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 तासांची मर्यादा आहे. तीही थोडी नव्हे, पण तिची नोंद ठेवावी लागते आणि ती मोडल्यास प्रशिक्षण केंद्राची मान्यता धोक्यात येते. दुसरा एक फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्याआधी रेसिडेंटला अतिदक्षता, स्नायू व नसा, ओपीडी, ऱ्हासाचे आजार आणि लहान मुले अशा पाच प्रकारच्या रुग्णांशी तो कसा बोलतो आणि कसे तपासतो, हे वरिष्ठांनी समोर बसून पाहिलेले असावे लागते. आपल्याकडे रुग्ण अधिक आणि तपासणीचा हात अधिक तयार, पण 'तुमच्या वडिलांना असलेल्या आजारावर उपाय नाही' हे वाक्य मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णाच्या मुलाला कसे सांगावे, हे कोणी शिकवत नाही. ज्याला चांगले वरिष्ठ लाभले तो त्यांचे पाहून शिकतो.

डीएम झालेला डॉक्टर सर्व प्रकारचे न्यूरॉलॉजीचे रुग्ण पाहण्यास पात्र असतो आणि बहुतेक जण तेच करतात. मग फेलोशिप कशासाठी? काही कामे अशी आहेत, की ती तीन वर्षांत ओझरती दिसतात, हातात येत नाहीत. अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांची फीट औषधांनी आटोक्यात येत नाही. त्यांतील कोणाला शस्त्रक्रियेने फायदा होईल, हे ठरवण्यासाठी रुग्णाला कॅमेऱ्यासमोर दिवसचे दिवस ईईजी लावून ठेवावे लागते आणि फीट नेमकी मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यातून सुरू होते, हे शोधावे लागते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था या कामासाठी देशभर ओळखली जाते. कंपवाताच्या फेलोशिपमध्ये, मेंदूत खोलवर तार बसवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या उपचारासाठी रुग्ण निवडणे आणि नंतर त्या प्रवाहाची मात्रा जुळवणे शिकवतात. अशा फेलोशिप बहुधा एक वर्षाच्या असतात. रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढण्याच्या प्रक्रियेला अधिक काळ लागतो, कारण तिथे तर्काइतकाच हाताचा सराव महत्त्वाचा असतो.

परदेशाची वाट इथे आडवी येते. भारतातील डीएम अमेरिकेत रेसिडेन्सीऐवजी धरली जात नाही. तिथे न्यूरॉलॉजिस्ट म्हणून स्थिरावायचे असेल, तर यूएसएमएलई ही तिथली वैद्यकीय परवान्याची परीक्षा देऊन सहसा चार वर्षांची रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. म्हणून जे तिकडे कायमचे जाणार ते एमबीबीएसनंतरच जातात, आणि डीएम झालेले अनेक जण एक-दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी कॅनडा, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाला जाऊन परत येतात.

आपल्याकडे 'फेलोशिप' या शब्दामागे मात्र एकच मोजमाप नाही. अमेरिकेत स्ट्रोक, अपस्मार, नसांच्या विद्युत तपासण्या अशा अनेक शाखांच्या फेलोशिपला अधिकृत मान्यता घ्यावी लागते आणि शेवटी परीक्षा असते. भारतात राष्ट्रीय संस्थांनी किंवा विद्यापीठांनी दिलेली पूर्णवेळ फेलोशिप आणि काही दिवसांच्या कार्यशाळेनंतर किंवा ऑनलाइन वर्गानंतर मिळालेले प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी पाटीवर एकाच शब्दात लिहिता येतात. रुग्णाने पाटी वाचताना डीएम किंवा डीआरएनबी ही अक्षरे आहेत का, हे आधी पाहावे; ती पदवी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवलेली असावी लागते. फेलोशिपच्या बाबतीत ती कोणत्या संस्थेत आणि किती महिन्यांची केली, हे डॉक्टरांनाच विचारावे. ज्यांनी ते वर्ष खरोखर वॉर्डात काढले आहे, त्यांना हा प्रश्न सहसा खटकत नाही. साध्या अर्धशिशीसाठी किंवा पहिल्यांदाच आलेल्या फीटसाठी एवढी चौकशी करण्याची गरजही नाही. त्या रुग्णाला जवळच्या डीएम न्यूरॉलॉजिस्टकडे, आणि तो जवळ नसेल तर एमडी मेडिसिन डॉक्टरकडे, वेळेत पोहोचणे पुरेसे असते.